एकाच वेताची
उद्या बसेंजी जातीच्या कुत्र्याची दोन पिल्लं घरी यायची होती. धीरज मुलीसोबत नोएडातल्या फ्लॅटच्या बाल्कनीला जाळी बांधत होता. “बाबा, मी एकच मागितलं होतं. दोन का?” अवनीनं विचारलं. “एकाच वेताची आहेत. वेगळी केली तर हाय खातात.” दिल्लीत वाढलेल्या अवनीला शब्द कळेना. “वेत म्हणजे?” “एकाच आईची, एकाच वेळी जन्मलेली भावंडं.” “अच्छा, म्हणजे मी आणि यशोधन,” ती सहज म्हणाली. धीरजचा हात थांबला. घटस्फोटात हट्टाला पेटून त्यानंच जुळ्यांची वाटणी करवली होती. मुलगा आईबरोबर पुण्याला, मुलगी त्याच्याकडे. दोघांना काय हवं, विचारलंही नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आईकडे राहायला जायचंय? यशोधनजवळ?” त्यानं मान खाली घालूनच विचारलं. अवनी म्हणाली, “हो. पण पिल्लं उद्या आणच, बाबा. दोन्ही.”