उजवी टाकी

"उजवी टाकी जड झालीय," मोतीराम म्हणाले. "इंजिन डावीतलंच पितंय गटागटा, अन् उजवीला कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

वेदिकानं इंधनाच्या काट्यांकडे पाहिलं. खाली कांद्याच्या शेडचे पत्रे उन्हात चमकत होते. विमान दोन जणांचं, दोन्ही पंखांत एकेक टाकी. दर अर्ध्या तासानं टाकी बदलायची, म्हणजे दोन्ही पंख सारखे हलके होत जातात. विसरलं, तर विमान भरल्या पंखाकडे कलतं. ते कलायला लागलंही होतं.

"अर्ध्या तासावर सात मिनिटं झाली, मॅडम."

"माहितेय, काका."

"माहितेय? मग बोलायचं कधी? घोटीला पोचल्यावर?"

"बघत होते मी."

"बघत होत्या म्हणे!"

मोतीराम तिला मॅडमच म्हणत. त्यात आदर किती आणि चिमटा किती, हे हँगरमध्ये अजून कुणालाच उलगडलं नव्हतं. वय बासष्ट. चाळीस वर्षं गाड्या हाकण्यात गेलेली. एकदाही कुठं ठोकलं नाही, हे ते दर फेरीला न विचारता सांगत.

वेदिका पंचविशीची. अंबडच्या घरून निघताना आईनं पुढ्यात ठेवलेले पोहे आज तिनं तसेच ठेवले होते. ही फेरी नीट पार पडली तर एकट्यानं उडायची परवानगी. नाही तर आणखी महिनाभर दोघांनी शेजारी बसून भांडायचं. मागच्या महिन्यात परवानगी हुकली होती, तीही टाकीपायीच.

विमान आणखी जरा उजवीकडे झुकलं. वेदिकाचा हात टाकी बदलायच्या दांड्याकडे गेला आणि निमूट गुडघ्यावर परत आला.

"घाबरलात?"

"नाही."

"कान लाल झालेत तुमचे. टेम्पोत कांदा एका अंगाला जास्त भरला तर घाटात काय होतं, ठाऊक हाय का?"

"मागच्या वेळी सांगितलंत."

"आज पुन्हा ऐका. आधी कांदा खाली उतरतो. मग त्याला बघायला टेम्पो जातो."

वेदिका हसली नाही. ती काट्यांवरून नजर हलवत नव्हती.

शेवटी मोतीरामांनीच हात घातला. आधी पंप चालू केला. दांडा उजवीकडे फिरवला. काट्यावर डोळा ठेवून तोंडातल्या तोंडात आकडे मोजले आणि मग पंप बंद केला. इंजिन साधं खोकलंही नाही.

"हे असं असतं," ते म्हणाले.

"हो. पण नऊ मिनिटं उशीर झाला," वेदिका हळूच म्हणाली. "त्यातली दोन तुमच्या घाटात गेली."

मोतीरामांनी मान वळवून खाली पाहिलं. गंगापूर धरणाचं पाणी पंखाखालून सरकत होतं.

"ते आपल्या दोघांतच राहू द्या," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर दोन्ही काटे हळूहळू एकमेकांजवळ आले. विमान सरळ झालं. चाकं अलगद टेकली. कडेला येऊन विमान उभं राहिलं, इंजिन बंद झालं, आणि मोतीराम रुमालानं तळहात पुसू लागले.

वेदिकानं काट्यांवर शेवटची नजर टाकली.

"काय ते एकदाचं होऊन जाऊ द्या," अखेर मोतीराम म्हणाले.

वेदिकानं पट्टा सोडला. वही मांडीवर घेतली, 'प्रशिक्षक' या शब्दापुढे सही केली, वही मोतीरामांच्या हातात दिली आणि दार उघडून खाली उतरली.

"आता विमान पंचावन्न किलोनं हलकं झालंय, काका. झटकन वर उठेल, दचकू नका. एकटेच एक चक्कर मारा आणि परत या."