मानेवरचे केस

"काका, किती दिवसांनी कापता केस?" सलूनवाल्या दिलीपने गळ्याभोवती कापड बांधत विचारलं.

अनंतरावांना सांगता येईना. लग्न झाल्यापासून त्यांचे केस बायकोच कापायची. जेवण वाढताना ती मागून बघायची आणि म्हणायची, "मान झाकली हो. उद्या अंगणात बसा." ती चैत्रात गेली. केस कॉलरखाली उतरले, तेव्हा शेजारणीने टोकलं, म्हणून आज ते पहिल्यांदाच सलूनची पायरी चढले होते.

"बायको सांगायची," ते शेवटी म्हणाले. "आता नाही ती."

दिलीपने जपून केस कापले आणि मागे आरसा धरला. अनंतरावांना डाव्या कानामागे एक ठळक तीळ दिसला. आपल्याला तिथे तीळ आहे, हे तिला इतकी वर्षं ठाऊक असणार. त्यांना ते आज कळलं.

"पुन्हा कधी येऊ?"

"मानेवर आले की या."

"ते मला कसं दिसणार?"

दिलीपने कापड झटकलं. "रविवारी चक्कर मारा. मी बघून सांगेन."

रविवारी दिलीपने त्यांची मान पाहिली. "अजून नाही, काका."

"बरं," म्हणाले अनंतराव, आणि बाकावर बसून राहिले.