अल्बम कधी मिळेल?

"अल्बम कधी मिळेल?" खुर्चीवर टेकायच्या आधीच मी फोटोग्राफरला विचारलं. "ताई, लोक आधी फोटो बघतात!" तो हसला. आईनं टेबलाखालून माझा पाय दाबला. बाबांबद्दल डॉक्टर जे बोलले, ते आम्ही दोघींनीच ऐकलं होतं. म्हणून माझं लग्न अलीकडे ओढलं, बाबांना मात्र हॉलच्या तारखेचं निमित्त सांगितलं. ते चष्मा कपाळावर चढवून, मांडीवरच्या नमुन्याच्या अल्बमचं एकेक पान निरखत होते. "लग्नानंतर सहा महिने लागतील," फोटोग्राफर म्हणाला. " प्रत्येक फोटो मी स्वतः निवडतो." मी पर्स उचलून उठले. "बाबा, चला. पलीकडचा फोटोग्राफर आठवड्यात देतो." "त्याचे फोटो पाहिलेस? सगळे चेहरे पिठात बुडवल्यासारखे!" बाबांनी अल्बम मिटला. "यांनाच सांगू." "सहा महिने कोण थांबणार?" माझा आवाज चिरकला. "तू आणि आई," बाबा चष्मा पुन्हा नाकावर घेत म्हणाले. "मला अल्बम कशाला? लग्न मी डोळ्यांनीच बघणार आहे."