दारामागचा कोपरा

"वहिनी, रागावू नका," तिच्या नवऱ्याच्या मित्राने दारातूनच, पाठीमागे लपवलेला, पण डोक्यावरून दिसणारा गळाचा रॉड पुढे केला. "त्याने गणपतीआधी घेतलेला. तुमच्या धाकाने माझ्याकडे ठेवला होता."

मुठीवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. खाऱ्या पाण्याचा थेंब लागला नव्हता.

नवा रॉड घरात आला की ती म्हणायची, "हात दोन नि रॉड दहा, मी राहू कुठे, तुम्हीच पाहा!" नवरा हसायचा, "अगं, प्रत्येक माशाची ओढ वेगळी." तो गेला, आणि दारामागचे रॉड बघवेनात म्हणून तिने ते जेटीवर मासे गरवायला येणाऱ्यांना वाटून टाकले. मग तो रिकामा कोपरा बघवेना.

तिने रॉड हातात घेतला. "आणलात ना आणखी एक!" जुना चढा सूर आपसूक निघाला. मित्राने अपराधी मान खाली घातली, अगदी नवरा घालायचा तशी.

तिने रॉड कोपऱ्यात उभा केला. प्लॅस्टिक तसंच राहू दिलं.

"भावजी," ती हलकेच म्हणाली, "खरं सांगा, आणखी कुणाकडे लपवलेत का हो ह्यांनी?"