नैरोबीचे व्याही

कुलदीपनं नैरोबीची बायको करून आणली, तशी माकणी गावात तिच्या काळ्या रंगावरून कुजबुज सुरू झाली. त्याचे वडील बब्रुवानतात्या पारावरच कडाडले, "कातडी बघून माणूस जोखता व्हय रं? लाजा वाटू द्या!"

ताठ मानेनं घरी येऊन तात्यांनी पोराला बाजूला घेतलं.

"रंगाचं काय न्हाय रं. पर सूनबाईची जात कंची?"

कुलदीपला हसू आलं. "तिच्या वडलांनीबी मला हेच इचारलं हुतं, जमात कंची म्हणून."

आता दोघे व्याही कुलदीपला दुभाषा करून व्हिडिओ कॉलवर लई मायेनं बोलतात.


समोरचा आपल्यापेक्षा खालचा असला तरी मोठ्या मनानं सांभाळून घ्यायचं, असं दोघांनीही ठरवलंय.