आ करा, सर

आमचे मगदूम सर शाळेत दर सोमवारी नखं तपासायचे. वाढलेली दिसली की बोटांवर उभी पट्टी बसायची आणि पोरगं थेट वर्गाबाहेर, पालक येईपर्यंत. आज सत्तावीस वर्षांनी तेच सर सुजलेला गाल धरून उचगावात माझ्या दातांच्या दवाखान्यात आले. मनात म्हटलं, अभ्या, आज तुझी पाळी हाय.

त्यांना खुर्चीत आडवं केलं, दिवा बरोबर तोंडावर आणला आणि जरा जरबेनंच म्हणालो, "आ करा, सर."

सर काही तोंड उघडेनात. माझ्याकडं एकटक बघत पुटपुटले, "आधी हात पुढं कर. सोमवार हाय आज."

हातमोजे कधी काढले, माझं मलाच कळलं नाही. सरांनी दहाच्या दहा बोटं उलटसुलट करून बघितली आणि दाराकडं नुसतं बोट केलं.

बाहेर सहा पेशंट ताटकळत बसले होते. त्यांच्यादेखत मी माझ्याच दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून घरी फोन लावला.



"अण्णा, जरा दवाखान्यात या की. सरांनी पालकांना बोलवलंय."