तांदळातलं नाव

पक्षाघाताच्या झटक्यानंतर ह्यांना कुणाचंच नाव आठवेना. "घरच्यांचे फोटो दाखवून रोज नावं विचारा," डॉक्टर म्हणाले.

मी मात्र एकच फोटो काढायचे, ह्यांच्या पहिल्या बायकोचा. "ही कोण?" ते गोंधळायचे. मला बरं वाटायचं. "अहो, कुमुदिनी!" मीच सांगायचे. सांगूनही विसरतात ना, हे बघायला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

महिन्याभराने, मी फोटो काढण्याआधीच ते म्हणाले, "कुमुदिनी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताटात तांदूळ पसरून मी त्यांच्यापुढे सरकवलं. "आपल्या लग्नात माझं नवं नाव अंगठीने असंच लिहिलं होतंत. लिहा बघू आता!"

माझ्याकडे बघत ते प्रेमाने हसले आणि वळणदार अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'कुमुदिनी'.